उपसा

शनिवारी दुपारी मी टेबल मांडते
हेर्नच्या बंद खाणीतल्या न्हाणीघरात.
काळे टी-शर्ट, मापवार घड्या,
सुट्ट्या पैशांसाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
छताला अजून साखळ्या लोंबतात.
खाली उतरण्याआधी माणसं अंगावरचे बरे कपडे
आकड्याला अडकवून वर ओढून ठेवत.
माझ्या बापाची साखळी दोनशे चौदा.
आता तिला एक लाल दिवा टांगलाय.

छत्तीस वर्षं विकतेय मी हे कपडे.
सुरुवातीला सगळ्यांना मीडियम लागायचा,
मग लार्ज, मग एक्सवर एक्स चढत गेले.
पोटं सुटली, केस गेले, रंग तोच.
यंदा छपाईवाल्याला म्हटलं, स्मॉल जास्त काढ;
पोरं यायला लागलीत,
कोळसा फक्त शाळेच्या सहलीत काचेमागे पाहिलेली.

बँडचं नाव झीबटे झोले. सातवा तळ.
होल्गर सोबोटा गातो. गातो म्हणजे
घशातून खडीची गाडी रिकामी करतो.
ड्रमवर जेंगीझ, डावा गुडघा बदललेला,
डॉक्टरला सांगितलंय की बागकाम करतो.

ब्याण्णव साली हँबर्गहून एक जण आला,
पायात मऊ बूट. म्हणाला, जरा दमानं वाजवा,
मधे एखादं प्रेमाचं टाका, पैसा आहे.
लोथार गेला त्याच्याबरोबर.
तेव्हा तो बँडचा बास होता आणि माझा नवरा.
बरं चाललंय त्याचं. राग नाही.
एका दह्याच्या जाहिरातीत त्याची धून लागते,
तेवढ्यापुरता मी टीव्हीचा आवाज घालवते.

लोक विचारतात, हे बाकीचे इमानी कसे राहिले?
इमानाचं मला ठाऊक नाही.
हळू गाणं त्यांनीही करून पाहिलं होतं,
गुपचूप, जेंगीझच्या गॅरेजात, शटर ओढून.
तिसऱ्या ओळीला हात आवरेनात.
चौथीला शेजारीण दार वाजवत होती.

आठवडाभर होल्गर पंपावर असतो.
इतका कोळसा काढलाय इथून
की वस्त्याच्या वस्त्या खाली बसल्यात,
नदीपेक्षा खाली, चर्चसकट.
पंप थांबले तर आमच्या स्वयंपाकघरात बदकं पोहतील.
म्हणून उपसायचं. कुठवर?
करारात लिहिलंय: कायम.
माझ्या लग्नाच्या कागदावरसुद्धा
हा शब्द इतका साधा लिहिलेला नव्हता.

आणि खाली जी पोकळी काढून झाली, सोडून दिली,
तिला खाणीतली माणसं म्हणत, म्हातारा.
तिकडं नको जाऊस, तिकडं म्हातारा आहे.
लहानपणी मला वाटायचं, खरंच कुणी बसलंय अंधारात,
मांडीवर डबा उघडून,
वरून काही ऐकू येतंय का बघत.

आठ वाजता दिवे जातात.
जेंगीझ चार वेळा काठीवर काठी मारतो
आणि मग
धडधडधडधड दोन्ही पायांनी
फरशी उकरायला घेतो,
गिटार करवतीसारखी आडवी फिरते,
दोनशे चौदा थरथरते, दोनशे पंधरा, सोळा,
सगळ्या रिकाम्या साखळ्या एकमेकींवर आपटतात,
जणू पाळी बदलतेय.
पोरं गोल धावतात, खांद्याला खांदा देत, घेत.
एक मुलगी पडली.
पाच हात. उभी केली.
सहावा हात तिचा चष्मा शोधतोय.

मी कानात कापूस घालत नाही. घालायला हवा होता, पूर्वी.
आता एक शिट्टी कायमची राहिलीय डाव्या कानात,
रात्री तिच्याखाली पंप ऐकू येतात.
खरे की मनातले, होल्गरला विचारलं नाही.

साडेदहाला मी पैसे मोजत बसते.
होल्गर ओल्या पाठीनं निघतो,
सकाळी सहाची पाळी आहे.
ती चष्म्याची मुलगी येते, कपाळाला टेंगूळ,
स्मॉल माझ्यासमोर परत ठेवते.
बसत नाही का गं?
बसतो, म्हणते. पण लार्ज द्या.
बरीच वर्षं घालायचाय.